लष्करी प्रशिक्षण मोहिमेवर पहिल्यांदा जाताय? आधी नावांची यादी तपासा

दुबळ्या देशाच्या सैन्याला उभं करायला परदेशी प्रशिक्षक जातात, तेव्हा त्यांच्या बॅगेत लेसन प्लॅनची जाडजूड फाईल असते. पहिल्या आठवड्यातच तिची निम्मी पानं बिनकामाची ठरतात. इथली उदाहरणं मुख्यतः युरोपियन संघाच्या दोन मोहिमांची आहेत. मालीतली 2013 ते 2024 अशी चालली. सोमालियातली 2010 मध्ये सुरू झाली. आधी शेजारच्या युगांडात बिहांगा इथे, 2014 पासून खुद्द सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत. दोन्हींचा हुकूम एकच: शिकवा, सल्ला द्या, लढाईत उतरू नका.

पहिलं काम यादीचं. यजमान सैन्याने दिलेली नावं आणि मैदानात उभी राहिलेली माणसं यांचा मेळ क्वचितच बसतो. कागदावरचे जवान म्हणजे कुणाच्या तरी खिशात जाणारा पगार. इराकमध्ये 2014 साली पंतप्रधान अल-अबादी यांनी स्वतः संसदेत अशा 50,000 भुताटकी जवानांचा आकडा सांगितला होता, आणि तोही फक्त चार डिव्हिजनांतला. त्याच वर्षी जूनमध्ये इसिससमोर मोसुल शहर का ढासळलं, याच्या उत्तराचा एक तुकडा तिथे आहे.

म्हणून यादी स्वतः करा. सोमालियात आडनाव नसतं. स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं अशी तीन नावं सांगतात आणि एका कंपनीत तेच मोहम्मद, तेच अली, तेच अब्दी पुन्हा पुन्हा भेटतात. टोपणनावाचा रकाना ठेवलाच पाहिजे, कारण सहकारी त्याच नावाने हाक मारतात. शिवाय फोटो, बोटांचे ठसे, रायफलचा क्रमांक, मूळ तुकडी, शेवटचा पगार कधी मिळाला, आणि बुटाचं माप. बुटाचं हसू नका. मापात न बसणाऱ्या बुटांमुळे दुसऱ्या आठवड्यात लंगडणाऱ्यांची रांग लागते.

वयाची शंका आली तर प्रवेश थांबवा. जन्मदाखला बहुतेकांकडे नसतो. भावंडांचा क्रम, अमुक दुष्काळाच्या वेळी किती मोठा होतास, असे प्रश्न वेगवेगळ्या वेळी विचारून उत्तरं ताडून पाहा. बालसैनिक थांबवण्याच्या कृती आराखड्यावर सोमालियाने 2012 मध्ये सही केली आहे. चुकून एक मुलगा आत घेतला गेला, तरी अख्ख्या कोर्सचा निधी अडकू शकतो.

वेळापत्रक दुभाषा धरूनच आखा. मालीत कुलिकोरोच्या छावणीत प्रशिक्षक वेगवेगळ्या युरोपीय देशांचे, सैन्याचा कारभार फ्रेंचमध्ये आणि बहुतेक जवानांची बोली बाम्बारा. वाक्य दोनदा वळण घेतं, त्यामुळे 40 मिनिटांच्या धड्याला दीड तास धरा. दुभाष्याला धडा आदल्या दिवशी द्या. वाक्यं आखूड ठेवा, विनोद टाळा.

एक गोष्ट मात्र दुभाष्यावर कधीच सोडू नका: फायरिंग रेंजवरचा ‘थांब’. तो हुकूम जवानांच्याच भाषेत, त्यांच्याच हवालदाराने द्यायचा. भाषांतराच्या दोन सेकंदांत दोन गोळ्या सुटलेल्या असतात.

रेंजवर नवख्यांना सर्वांत जास्त चकवते ती एके-47 रायफलची मारा बदलायची कळ. वर सुरक्षित, मधे सलग मारा, तळाला एकेक गोळी. जुने लढवय्ये सवयीने ती मधेच अडवतात, मॅगझिन काही सेकंदांत रिकामं करतात आणि निशाण कोरडंच राहतं. काडतुसं भरण्याआधी निदान दोन दिवस कोरडा सराव घ्या. कळ थेट तळापर्यंत दाबण्याची सवय हाताला लागली पाहिजे. पहिल्या फायरिंगला प्रत्येक नेमबाजामागे एक प्रशिक्षक हवा. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या किंवा न झाडलेली काडतुसं परत मोजून घ्या. तफावत दिसली की बाजारात विक्री चालू आहे असं समजा.

रस्त्यातल्या स्फोटकांचा धडा भाषणात उरकू नका. गाडी थांबली की उतरण्याआधी भोवतालचे 5 मीटर डोळ्यांनी तपासायचे, उतरल्यावर 25 मीटर. हे रोज, जेवणाच्या गाडीसाठीसुद्धा. प्रथमोपचार शिकवताना त्यांच्या हाती प्रत्यक्षात जे असेल तेच वापरा. छावणीत चकचकीत टूर्निके (रक्त थांबवायचा आवळपट्टा) आणि आघाडीवर फक्त फडकं असेल, तर फडकं आणि काठीने रक्त थांबवायला शिकवा.

सामान हे या मोहिमांचं जुनं दुखणं आहे. युरोपियन संघाच्या करारातच लष्करी खर्च संघाच्या बजेटमधून करायला मनाई आहे. शस्त्रं पुरवायची वेगळी वाट 2021 मध्ये निघाली. तोवर शिकवायचं एकाने आणि बंदूक द्यायची दुसऱ्याने, असाच प्रकार होता. मालीत प्रशिक्षकांना आपल्या बटालियनबरोबर लढाईवर जाता येत नव्हतं. मे 2014 मध्ये उत्तरेतल्या किदाल शहरात माली सैन्याची दाणादाण उडाली, तेव्हा नेमकं काय चुकलं हे शिकवणाऱ्यांना इतरांच्या तोंडून ऐकावं लागलं.

सोमालियात आणखी एक गुंता: शिकवणारे अनेक. मोगादिशूत तुर्कस्तानची छावणी 2017 पासून, बालेडोगलेला सोमाली सैन्याच्या दानाब ब्रिगेडला शिकवणारे अमेरिकन, बैदोआत ब्रिटिश. प्रत्येकाचे हातखुणांचे संकेत निराळे. आलेल्या जवानाने आधी कुठला कोर्स केला ते विचारा. जेवण आणि भत्ता मिळतो म्हणून तोच प्राथमिक कोर्स पुन्हा करणारे निघतात, आणि तेही तुमच्या ‘प्रशिक्षित’ आकड्यात भर घालतात. पगार कमांडरच्या हातून न जाता थेट खात्यात गेला, तर गळती कमी होते. कवायतीच्या कुठल्याही सुधारणेपेक्षा हे मोठं.

निष्ठा शिकवता येते असं मात्र धरून चालू नका. 2012 मध्ये मालीत बंड करणारे कॅप्टन सानोगो अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आलेले होते. उलटंही घडतं. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत अफगाण कॅडेट शिकत. ऑगस्ट 2021 नंतर त्यांना परतायला सैन्यच उरलं नाही.

आता जायचं कसं. युरोपियन मोहिमांतली बहुतेक पदं सदस्य देश आपल्या माणसांतून भरतात. सर्बियासारखे काही बाहेरचे देशही सामील झाले, भारत त्यांत नाही. भारतीय सैन्याची स्वतःची पथकं असतात, उदाहरणार्थ भूतानमधलं, पण ती सेवेतल्यांसाठी. नागरिकांना सोमालियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या सहाय्य कार्यालयाचा मार्ग खुला आहे. शिधा, इंधन, तंबू, पाणी यांचा हिशेब जमत असेल तर तिथे अर्ज करा.

पोस्टिंग साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं, त्यामुळे जाणाऱ्याकडून तीन कागद मागूनच घ्या: फोटोसकट यादी, पुंगळ्यांची वही, आणि मागच्या तुकडीतले किती जण आज कुठे आहेत याची नोंद. तिसरा बहुधा नसतोच. मग पहिला आठवडा मोजणीतच घालवा. वरिष्ठ कुरकुरतील, कारण त्यांच्या साप्ताहिक अहवालातला ‘प्रशिक्षित’ हा रकाना रिकामा जातो.