नदीच्या रेषेतून बिंदू काढताना

प्रयाग चिखलीच्या संगमापासून राजाराम बंधाऱ्यापर्यंत पंचगंगेची रेषा मी स्वतः काढली होती, तरी जुन्या पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसची नकाशासाठीची जोड) रेषेचा पहिला बिंदू देणारं एसटी_स्टार्टपॉइंट चालवलं की उत्तर नल, म्हणजे रिकामं. अख्खी दुपार गेली, दोन चहा झाले. शेवटी कळलं, कॉलम मल्टीलाइनस्ट्रिंगचा आहे, म्हणजे अनेक रेषांच्या गठ्ठ्याचा. ३.२ आवृत्तीआधी हे फंक्शन साध्या लाइनस्ट्रिंगवरच, म्हणजे एकाच सलग रेषेवर चालायचं. आधी एसटी_लाइनमर्ज लावा. तुकडे टोकाला टोक जुळत असतील तर एकच रेषा मिळते. नाहीतर एसटी_डंपने सुटे करा.

सगळे वळणबिंदू हवेत? एसटी_डंपपॉइंट्स. प्रत्येक बिंदूला एक ओळ, सोबत पाथमध्ये त्याचा क्रमांक. मोजणी १ पासून, शून्यापासून नव्हे भावा. एकच बिंदू हवा तर एसटी_पॉइंटएन. क्रमांक उणे १ दिला की शेवटचा.

दर २०० मीटरला बिंदू पाडायचे तर एसटी_लाइनइंटरपोलेटपॉइंट्स. त्याला अंतर नको, ० ते १ मधला अपूर्णांक लागतो: २०० भागिले एसटी_लेंथ. लांबी मीटरमध्ये येण्यासाठी आधी एसटी_ट्रान्सफॉर्मने ३२६४३ मध्ये न्या (यूटीएम पट्टा ४३ उत्तरचा कोड, मोजमाप मीटरमध्ये). कोल्हापूर त्याच पट्ट्यात येतं. ४३२६ वर (साधे अक्षांश-रेखांश) लांबी अंशांत येते आणि गणित बोंबलतं. एसटी_लाइनइंटरपोलेटपॉइंट्सचा निकाल मल्टीपॉइंट, म्हणजे बिंदूंचा गठ्ठा असतो, तो पुन्हा एसटी_डंपने फोडायचा.