दाढी लावली म्हणून गुरू होत नाही: साहसकथा लिहिताना या चुका टाळा

नाशिकमध्ये साहसकथा लिहायला बसलेला माणूस कधी ना कधी जवळच्या रामशेज किल्ल्यावर चढतोच. मीही चढलो. माझ्या पहिल्या कथेत गडावर पांढऱ्या दाढीचे एक बाबा होते. नायकाला तीन पानं उपदेश करायचे आणि पुढे प्रत्येक संकटात झाडामागून हजर व्हायचे. मैत्रीण वाचून म्हणाली, "मग या पोराचं काम काय? बाबांनाच पाठव की लढायला!"

चूक तिथेच होती. मी भूमिकेला वेश समजलो होतो. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी 1928 मध्ये परीकथांतल्या सात भूमिका मांडल्या: नायक, खलनायक, दाता, साहाय्यक, राजकन्या, कामगिरीवर धाडणारा आणि तोतया नायक. यातली प्रत्येक भूमिका म्हणजे कथेतलं एक काम. एकच पात्र दोन कामं करू शकतं, एक काम दोघांत वाटताही येतं. म्हणून सात खुर्च्या मांडून सात माणसं बसवू नका.

माझे बाबा म्हणजे दाता, नायकाला उपयोगी वस्तू किंवा माहिती देणारा. दात्याने एक गोष्ट द्यावी आणि बाजूला व्हावं. जटायू बघा. इगतपुरीजवळच्या टाकेदला त्याची जागा दाखवतात. रावणाला तो अडवू शकत नाही, पण सीतेला कोणी नेलं आणि कुठल्या दिशेला, एवढं रामाला सांगून प्राण सोडतो. पुढचं सगळं रामानेच निस्तरायचं.

रूप बदलणारं पात्र शेवटच्या पानावर अचानक उघडं पाडणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. वाल्मीकींनी उलट केलंय. पंचवटीत सोन्याचं हरीण दिसताच लक्ष्मण म्हणतो, हा मारीच राक्षस असणार. तरी राम जातो! धक्का नाही, पण जीव टांगणीला लागतो, कारण फसवणूक दिसत असूनही सीतेला ते हरीण हवंच आहे. तुमच्या कथेत असा लक्ष्मण आहे का? नसेल तर आधीच्या कुठल्यातरी प्रसंगात संशयाचं एक वाक्य पेरा.

खलनायक काळे कपडे घालून गडगडाटी हसत असेल, तर त्याला एखादी काळजी द्या. 1682 मध्ये मुघलांनी रामशेजला वेढा घातला. किल्ला लहानसा, पण पाच वर्षं उलटली तरी हाती लागेना. सरदार बदलावा लागला. बादशहाला तोंड कसं दाखवायचं, ही काळजी गडगडाटी हसण्यापेक्षा जास्त भीती घालते. याच वेढ्यात एका मांत्रिकाने सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हातात धरून फौजेपुढे चालला, अशी कथा सांगतात. गोफणीचा दगड छातीत बसला; नाग एकीकडे, मांत्रिक एकीकडे. तोतया गुरू याहून चांगला कुठे मिळणार?

नायकाचा मित्र. तो फक्त खाण्यावर आणि अहिराणी बोलून हशा मिळवण्यावर जगत असेल, तर मला राग येतो. (माझी आजी अहिराणी बोलायची आणि घरातले सगळे निर्णय तिचेच असायचे.) शंका आली तर पात्र अख्खं काढून कथा वाचा. एकही प्रसंग अडला नाही, तर ते तिथे नव्हतंच.

माझ्या कथेतले बाबा गेले. आता एक म्हातारी आहे. कुठल्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे ते सांगते आणि दिवस मावळायच्या आत गड उतरते.