ताणचाचणी यंत्राची भारक्षमता कशी वाचावी

बांधकामाच्या सळईची ताणचाचणी ज्या यंत्रावर होते त्या यूटीएमवर (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर) ‘४०० किलोन्यूटन’ किंवा ‘१००० किलोन्यूटन’ असे लिहिलेले असते. कारखान्यात त्यांनाच चाळीस टनी आणि शंभर टनी म्हणतात. हा आकडा यंत्र जास्तीत जास्त किती ओढू शकते एवढेच सांगतो. आपल्या नमुन्यासाठी ते योग्य आहे की नाही, हे आपणच तपासावे लागते.

प्रथम नमुना किती भाराला तुटेल ते काढावे. सळईच्या काटछेदाचे चौरस मिलिमीटरमधील क्षेत्रफळ अपेक्षित ताणबळाच्या (तुटण्याआधी पोलाद सोसते त्या सर्वाधिक ताणाच्या) मेगापास्कलमधील आकड्याने गुणले की भार न्यूटनमध्ये मिळतो. आयएस १७८६ या सळयांच्या भारतीय मानकाप्रमाणे एफई ५०० डी या प्रतीच्या सळईचे ताणबळ किमान ५६५ मेगापास्कल असावे लागते. ३२ मिमी सळईचे क्षेत्रफळ सुमारे ८०४ चौरस मिमी, म्हणजे किमान ४५४ किलोन्यूटन भार लागणारच. चाळीस टनी यंत्र इथेच बाद होते. प्रत्यक्षात चांगली सळई किमान मर्यादेच्या बरीच वर तुटते. ६५० मेगापास्कल धरले तर भार ५२३ किलोन्यूटनपर्यंत जातो, म्हणून साठ टनी यंत्र चालत असले तरी रोजच्या कामासाठी मी शंभर टनीच निवडीन.

मग सगळ्याच चाचण्या शंभर टनी यंत्रावर का करू नयेत? चूक नेमकी इथेच होते. ८ मिमी सळई जेमतेम ३० किलोन्यूटनला तुटते. अचूकता ‘पूर्ण क्षमतेच्या १ टक्का’ अशी दिलेली असेल, तर १००० किलोन्यूटनच्या यंत्रावर १० किलोन्यूटनची चूक क्षम्य ठरते आणि ती या सळईच्या भाराच्या एक तृतीयांश होते! म्हणून माहितीपत्रकातील ‘दर्शविलेल्या भाराच्या’ आणि ‘पूर्ण क्षमतेच्या’ या शब्दांतील फरक नीट पाहावा. आयएसओ ७५००-१ या चाचणी यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकातील अचूकतेच्या वर्ग १ ची ±१ टक्का मर्यादा दर्शविलेल्या भारावर मोजली जाते, पण ती फक्त कॅलिब्रेशनच्या (यंत्राचे वाचन प्रमाणित भाराशी ताडून पाहण्याच्या) प्रमाणपत्रात नोंदवलेल्या भाराच्या पट्ट्यातच लागू असते. तो पट्टा २०० किलोन्यूटनपासून सुरू होत असेल, तर ३० किलोन्यूटनच्या वाचनाला त्या प्रमाणपत्राचा आधार नाही.

त्यानंतर लोड सेल (भार मोजणारा भाग) आणि नमुना पकडणारे जबडे यांच्या क्षमता स्वतंत्रपणे वाचाव्यात, कारण फ्रेम कितीही भक्कम असली तरी साखळीतील सर्वांत कमी क्षमतेचा भाग हीच यंत्राची खरी मर्यादा असते. कॅलिब्रेशनची तारीखही पाहावी. बारा महिन्यांहून जुने प्रमाणपत्र, किंवा यंत्र सुटे करून हलवल्यानंतर न झालेली पडताळणी, स्वीकारू नये.