रिफर्बिश्ड स्विच रोज दुपारी आपोआप रिस्टार्ट व्हायचा, असा बरा झाला

भुसावळच्या आमच्या अभ्यासिकेसाठी जळगावहून २४ पोर्टचा गिगाबिट रिफर्बिश्ड (जुना, दुरुस्त करून विकलेला) नेटवर्क स्विच, म्हणजे बरेच कॉम्प्युटर केबलने एका नेटवर्कला जोडणारा डबा, २२०० रुपयांना घेतला. सकाळी एकदम मस्त, पण दुपारी एक-दीड वाजला की सगळे लाइट विझायचे, दोन मिनिटांनी परत चालू, आणि मे महिन्यातलं भुसावळ कसं तापतं ते माहितीच आहे. केबली बदलल्या, रिसेट मारला, फर्मवेअर टाकलं, यूपीएसवर लावला, काही फरक नाही. पंधरा दिवस पोरांची बोलणी खाऊन डोकं पार उठलं होतं.

मग आधी पॉवरची वायर काढून अर्धा तास तसाच ठेवला, कारण पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, इथे घाई करू नका. झाकण उघडलं तर फॅन धुळीने जाम आणि आउटपुटच्या दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग. फॅन त्याच मापाचा, त्याच व्होल्टचा टाकला. कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) आणि १०५ डिग्री तापमान सोसणारेच, ८५ वाले नकोच. कपॅसिटरवरचा पट्टा मायनसकडे येतोय ना बघून सोल्डर केलं. खर्च ३५० रुपये, महिना झाला एकदाही बंद पडला नाही.

असा स्विच घ्यायचा का? मी तर परत घेईन, पण दुकानातच तासभर चालू ठेवून फॅनचा आवाज ऐकायचा आणि चांगल्या केबलने एकेका पोर्टला लॅपटॉप लावून लिंक १००० एमबीपीएसचीच, म्हणजे पूर्ण गिगाबिट, येते का बघायचं, १०० वर अडकली तर त्या पोर्टची एखादी पिन गेलेली असू शकते, गिगाबिटला आठही तारा लागतात.