आयडल व्हॉल्व्हच्या नावाने खडे फोडण्याआधी: या चुका टाळा

गाडी उभी असताना आरपीएमचा काटा वरखाली होतो, एसी लावला की इंजिन गुदमरतं, सिग्नलला थांबलं की बंद पडतं. एवढं ऐकलं की समोरचा सांगून मोकळा होतो, "आयडल व्हॉल्व्ह गेला, बदलून टाका." बदलून काढलेले असे व्हॉल्व्ह मी तपासून पाहतो. त्यातले कितीतरी ठणठणीत निघतात.

त्याचं काम नीट समजून घ्या. पेडलवरून पाय काढला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, चकती जवळजवळ मिटते. तेव्हा आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता, इंजिन चालू राहायला जी हवा लागते ती बगलेच्या वाटेने सोडायची, एवढंच हा व्हॉल्व्ह करतो. किती सोडायची ते इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. इंजिन गरम झाल्यावर बहुतेक पेट्रोल गाड्या साधारण ६५० ते ८५० आरपीएमवर स्थिरावतात. आणि हो, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (पेडलपासून थ्रॉटलला केबल नसलेल्या) गाडीत हा वेगळा व्हॉल्व्ह बहुधा नसतोच. आधी गाडीला तो आहे का ते बघा, मग शोधायला लागा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचून थेट पार्ट मागवणे. पी०५०६ म्हणजे आयडल हवं त्यापेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त. बस. कुणामुळे, हे कोड सांगत नाही.

एक गाडी माझ्याकडे आली ती व्हॉल्व्ह दोनदा बदलून. गरम इंजिनलाही आयडल १,५०० च्या आसपास. मी पाना न उचलता स्कॅनर लावला आणि लाइव्ह डेटामध्ये व्हॉल्व्हच्या स्टेप्स, म्हणजे तो किती उघडलाय त्याचा आकडा, पाहिल्या. शून्य. म्हणजे इसीएमने व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला होता, तरी हवा आत जातच होती. मग तिसरा व्हॉल्व्ह लावून काय होणार होतं? व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून चिमटून पाहिले. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबला, फरक नाही. पीसीव्हीच्या (क्रँककेसमधला वायू परत इंजिनात नेणाऱ्या) पाइपाचा खालचा रबरी बाक बोटाने दाबला आणि काटा झरकन खाली आला. बाकाच्या आतल्या अंगाला चीर होती, आरसा धरल्याशिवाय दिसत नव्हती.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. पेडलचा पहिला दाब जड लागत होता, चकती कुठेतरी अडकून सुटल्यासारखी. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूवरचं कंपनीचं रंगाचं सील फुटलेलं होतं. आयडल खाली यावं म्हणून कुणीतरी तो स्क्रू उलटा फिरवला होता, त्यामुळे चकती मिटताना भोकाच्या भिंतीत रुतत होती. मूळ दोष चिरलेल्या पाइपाचा, आणि त्यावर हा दुसरा दोष माणसाने लावलेला. पाइप बदलायला थोडा वेळ लागला. स्क्रू मूळ जागी आणायला सगळी सेटिंग पुन्हा तपासावी लागली.

म्हणून हात जोडून सांगतो, त्या स्क्रूला हात लावू नका. तो आयडल वाढवण्या-कमी करण्यासाठी नसतो. आयडल कमी आहे म्हणून तो आत पिळला, तर चकती उघडी राहते, थ्रॉटल सेन्सरचं रीडिंग वाढतं आणि पेडल दाबलेलं आहे असं समजून इसीएम आयडलचा ताबाच सोडू शकतो. काही क्षण सगळं छान वाटतं, आणि याच शॉर्टकटने चांगल्या गाड्या बिघडतात.

स्टेप्स खूप जास्त आणि आरपीएम कमी असेल, तर मात्र वाट कार्बनने तुंबल्याचा संशय घ्या. साफ करताना इग्निशन बंद ठेवा. व्हॉल्व्हची बाहेर आलेली पिन पक्कडीने आत ढकलू नका, ती हलवणाऱ्या स्टेपर मोटरच्या आतला स्क्रूचा आटा जातो. स्प्रे मारताना व्हॉल्व्हचं पिनेकडचं टोक खाली धरा, म्हणजे द्रव मोटरमध्ये उतरत नाही. थ्रॉटल बॉडीसाठीचाच क्लीनर वापरा. लोक पिन चकचकीत करतात आणि थ्रॉटल बॉडीतली तिची बैठक तशीच काळी ठेवतात, मग आयडल सुधारणार कसं?

व्हॉल्व्हला बॅटरीचा करंट थेट देऊन "टेस्ट" करू नका. जुनी चपटी झालेली ओ-रिंग परत बसवू नका. काही गाड्यांत व्हॉल्व्हच्या घरातून कूलंट फिरतो, तिथे गरम इंजिनवर काहीही खोलू नका. कूलंटची पातळी आणि तापमानाचा सेन्सरही बघा, इंजिन थंड आहे असं इसीएमला वाटलं तर तो आयडल चढवणारच.

साफसफाईनंतर किंवा बॅटरी काढून लावल्यावर आयडल थोडा वेळ वेडंवाकडं चालू शकतं. नवशिके इथेच घाबरतात आणि सगळं पुन्हा खोलतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये रिलर्नची, म्हणजे इसीएमला आयडल नव्याने शिकवण्याची, पद्धत दिली असेल तर तीच करा. नसेल तर एसी आणि दिवे बंद ठेवून इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, पेडलला हात-पाय न लावता उभी गाडी चालू ठेवा, मग एक फेरी मारून या.

शेवटी एसी बंद, इंजिन गरम असताना स्टेप्सचा आकडा सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला त्याच परिस्थितीत तो बराच चढलेला दिसला, तर कार्बन पुन्हा साचतोय. सफाईचा दिवस तेव्हाच ठरवा, गाडी बंद पडायची वाट बघू नका.