स्वस्त वाइड लेन्स घेतलीत? तपासताना या चुका टाळा

फुल-फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरच्या, आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यासाठी एफ/१.८ ची (एफचा आकडा जितका लहान तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, मोठं) वाइड लेन्स आता बऱ्याच जणांच्या आवाक्यात आली आहे. व्हिल्ट्रॉक्स कंपनीची १६ एमएम एफ/१.८ उदाहरणादाखल घ्या: वजन साधारण ५५० ग्रॅम, पुढे ७७ एमएमचा साधा फिल्टर बसतो. पण घरी आणल्यावर बहुतेक जण समोरच्या भिंतीचा फोटो काढतात. भिंत मीटरभर अंतरावर, कॅमेरा किंचित तिरका. एक बाजू धूसर येणारच. तेवढ्यावर लेन्सला नावं ठेवू नका.

रात्री गच्चीवर जा. ट्रायपॉड लावा, दोन सेकंदांचा टायमर ठेवा, स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बंद करा. लांबचा, निदान अर्ध्या किलोमीटरवरचा एकच दिवा शोधा. तो मधोमध धरून, स्क्रीनवर मोठा करून हाताने फोकस करा. मग रिंगला हात न लावता, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, तोच दिवा आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा. चारही ठिकाणी त्याला सारखेच पंख फुटले तर तो कोमा (कडेचा प्रकाशबिंदू पसरट दिसण्याचा दोष), त्या डिझाइनचाच स्वभाव. तीन कोपऱ्यांत ठिपका आणि चौथ्यात फराटा दिसला, तर बहुधा आतलं भिंग जागेवर नाही. अशी लेन्स बदलूनच घ्या.

माझ्याकडे पूर्वी दुसऱ्या एका कंपनीची अशीच २० एमएम आली होती. मी आठवडाभर दिवसा एफ/८ वर फोटो काढले, सगळं छान दिसलं. डावा कोपरा बिघडलेला आहे हे तारे टिपताना कळलं, तोवर परतीची मुदत संपली होती. एफ/१.८ ला एफ/२.८ च्या जवळजवळ अडीचपट प्रकाश मिळतो, २५ सेकंदांचं काम १० सेकंदांत होतं. पैसे त्याचेच मोजलेत, तर तपासणीही एफ/१.८ लाच करा.

ताऱ्यांसाठी रिंग शेवटपर्यंत फिरवून सोडून देऊ नका. ऑटोफोकस लेन्स अनंताच्याही पुढे जाते. ठळक तारा मोठा करून तो सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबा, आणि कॅमेरा बंद करून चालू केलात तर पुन्हा बघा.

कोपरे किती काळवंडतात हे जेपीजीवरून ठरवू नका, कॅमेरा ते उजळून देतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सॉफ्टवेअरमधली लेन्स-दुरुस्ती बंद करून उघडा.

ऑटोफोकस अडखळत असेल तर आधी फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं राहिलंय का बघा. व्हिल्ट्रॉक्सच्या या लेन्सचं त्यासाठीचं यूएसबी-सी पोर्ट माउंटच्या (कॅमेऱ्याला जोडायच्या) बाजूला आहे. लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्याशिवाय ते दिसत नाही.