गर्भातलं मूत्राशय काढायच्या आधी

उंदराच्या गर्भातल्या मूत्राशयात कोणतं जनुक कधी चालू होतं, हे बघायचं तर निम्मं काम पिंजऱ्यापाशीच होतं. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात हवी आणि तिच्यात गाभण माद्यांची संख्या व मारण्याची पद्धत स्पष्ट लिहिलेली हवी. संध्याकाळी नर-मादी एकत्र सोडा, सकाळी लवकर प्लग, म्हणजे समागमानंतर मादीच्या योनीत गोठलेला वीर्याचा गोळा, बघा. दुपारपर्यंत थांबलात तर तो गळून पडलेला असू शकतो. प्लगच्या दिवसाची दुपार म्हणजे गर्भाच्या वयाचा ०.५वा दिवस. प्लग दिसला म्हणजे मादी गाभण आहेच असं नाही, म्हणून वजनावर लक्ष ठेवा आणि दोन माद्या जास्तीच्या धरा.

कोणत्या दिवशी गर्भ काढायचे ते प्रश्नावर ठरतं. अवस्कर, म्हणजे क्लोएका (गर्भातली मूत्रमार्ग आणि मलमार्गाची सामाईक पोकळी), १०.५व्या दिवसानंतर दुभंगायला लागतो आणि १२.५च्या सुमाराला मूत्राशयाची पिशवी वेगळी ओळखता येते. आतलं अस्तर तेव्हा सॉनिक हेजहॉग हे संकेत देणारं प्रथिन बनवत असतं आणि त्याला प्रतिसाद देणारी पॅच्ड१ व ग्ली१ ही जनुकं लगतच्या मेसेन्काइममध्ये, म्हणजे सैल भ्रूणऊतीत, दिसतात. स्नायू मात्र अस्तराला चिकटून तयार होत नाही. १३.५ ते १४.५च्या दरम्यान तो बाहेरच्या कडेला उमटतो, मधला पट्टा तसाच राहतो. त्यामुळे स्नायूचा प्रश्न असेल तर १२.५, १३.५ आणि १४.५ तिन्ही हवेत. एखादा गाळून उरलेल्या दोघांवरून मधलं सांगू नका. अस्तराच्या थरांसाठी, म्हणजे पी६३, केराटिन ५ आणि युरोप्लाकिनं या त्यांच्या खूण-जनुकांसाठी, १६.५ आणि १८.५ही धरा.

कार्डावरचा दिवस आणि गर्भाचं खरं वय यांत सहज अर्ध्या दिवसाचा फरक पडतो, तोही एकाच वेतात. म्हणून प्रत्येक गर्भाच्या पुढच्या पायाचा फोटो घ्या. १२.५ला पंजाच्या कडेला खाचा पडायला लागलेल्या असतात, १४.५ला बोटं सुटी झालेली असतात, १६.५ला पापण्या मिटलेल्या असतात. शेपटीचा तुकडा वेगळ्या नळीत ठेवा, नर-मादी पीसीआरने (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या प्रती वाढवून) नंतर कळेल. मूत्राशयाच्या मानेपाशी उशिराच्या दिवसांत लिंगानुसार फरक पडतो.

टेबलावर पाच नंबरचे, म्हणजे बारीक टोकाचे, दोन चिमटे, टंगस्टनच्या सुया, काळ्या सिलिकॉनच्या तळाची डिश आणि आरएनेझमुक्त (आरएनए तोडणारं विकर नसलेलं), बर्फात गार केलेलं पीबीएस हे खारं बफर द्रावण हवं. काळा तळ चैन म्हणून नाही, पांढऱ्यावर १२.५चं मूत्राशय दिसतच नाही. गर्भ उताणा ठेवा आणि नाळेच्या खाली पोटाची भिंत उघडा. नाळेच्या दोन धमन्यांच्या मधोमध नासपतीच्या आकाराची पिशवी असते, तिचं टोक नाळेकडे गेलेलं. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. या धमन्यांच्या भिंतीत अॅक्टा२, म्हणजे गुळगुळीत स्नायूचं अॅक्टिन, भरपूर असतं. धमनीचा तुकडा राहिला की मूत्राशयात १२.५लाच स्नायू तयार झाल्याचा आकडा येतो, आणि तो आकडा छान सुबक असतो म्हणून कुणी शंकाही घेत नाही. खाली मूत्रवाहिन्या आणि वुल्फच्या नलिका (गर्भातल्या मूत्र-जनन नलिका) चिकटलेल्या असतात, त्या काढा. नमुना शुद्ध आहे का हे तपासायला पॅक्स२ या नलिकेत चालू असणाऱ्या जनुकाचा प्रायमर (पीसीआर सुरू करणारा छोटा डीएनए तुकडा) ठेवा: नलिका राहिली असेल तर तो बोलतो. मान दरवेळी एकाच जागी कापा, कारण मूत्रमार्गाच्या अस्तरातही हेजहॉग असतं.

१२.५च्या एका मूत्राशयातून आरएनए फारच थोडा मिळतो. एका वेताची मूत्राशयं एकत्र करून ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढायच्या द्रावणात) टाका, सोबत १० ते २० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन घाला, नाहीतर तळाला बसलेला आरएनएचा गोळा दिसत नाही आणि वरच्या द्रवाबरोबर ओतला जातो. मग एक वेत म्हणजे एक नमुना. असे किमान तीन हवेत. आठ पिल्लांना आठ मोजणं ही फसवणूकच. डीएनेझ, म्हणजे डीएनए तोडणारं विकर, टाळू नका: जीएपीडीएच आणि बीटा-अॅक्टिन या दोन्ही संदर्भ जनुकांची (ज्यांच्या तुलनेत बाकीची मोजतात) छद्मजनुकं, म्हणजे निकामी प्रती, उंदराच्या जीनोममध्ये विखुरलेली आहेत आणि उरलेला डीएनए त्यांच्यामुळे आरएनए असल्यासारखा वाढतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्याला लावा. एकट्या बीटा-अॅक्टिनवर भिस्त नको, कारण स्नायू वाढताना ऊतीतलं अॅक्टिनांचं प्रमाणच बदलतं. दोन-तीन संदर्भ जनुकं आधी सगळ्या दिवसांवर तपासून घ्या.

क्यूपीसीआर, म्हणजे प्रमाण मोजणारा पीसीआर, जनुक किती चालू आहे ते सांगतो, कुठे ते सांगत नाही. त्यासाठी इन सिटू, म्हणजे ऊतीतच त्या जनुकाच्या आरएनएला चिकटणारा प्रोब लावून रंगवणं. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड त्याच दिवशी बनवा, पीएच ७.४, आणि रात्रभर ४ अंशांना ठेवा. मग ३० टक्के सुक्रोजमध्ये, नमुना तळाला बसेपर्यंत. तरंगत असताना गोठवलात तर बर्फाचे स्फटिक ऊती फाडतात. प्रोटिनेझ के (प्रथिनं तोडून ऊती मोकळी करणारं विकर) नवीन बॅचचं असेल तर त्याची वेळ फालतू सेक्शनवर ठरवा: कमी पडलं तर प्रोब शिरत नाही, जास्त झालं तर अस्तर सुटून येतं. अख्खा नमुना रंगवायचा असेल तर पिशवीला बारीक चीर द्या. पोकळीत प्रोब अडकतो आणि आतून येणारा जांभळा रंग थेट अस्तरातल्या जनुकासारखा दिसतो. सेन्स प्रोब (आरएनएला न चिकटणारा, तुलनेचा प्रोब) याच कारणासाठी त्याच ट्रेमध्ये, त्याच वेळी चालवा.

उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आणि क्रायोस्टॅट (गोठवलेल्या ऊतीचे काप करणारं यंत्र) जनरेटरच्या लाइनवर आहेत का, तेही आदल्या दिवशी विचारून ठेवा.